टाके निघाले, तरी गुडघ्याची जखम ओलीच आहे

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंचे वय ६७ आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका रुग्णालयात त्यांचा उजवा गुडघा बदलला. चौदाव्या दिवशी टाके काढले, पण जखमेच्या खालच्या टोकाला एक जागा बुजलीच नाही. तिथून पिवळसर पाणी येते आणि पट्टी भिजते. आज ऑपरेशनला चोवीस दिवस झाले. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, तेवढ्यापुरते पाणी थांबले आणि पुन्हा सुरू झाले. ताप नाही, परंतु रात्री गुडघा ठणकतो आणि आठवड्यापूर्वी वाकत होता तितका आता वाकत नाही. शेजारच्या काकी उंडीचे तेल लावायला सांगतात. सासूबाई म्हणतात, "गणपती होऊ देत, मग बघू." मिस्टर मुंबईला असतात, ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतील. हे इन्फेक्शन आहे का? गोळ्या पुन्हा चालू करू का? बसवलेला सांधा काढावा लागेल का? यात डॉक्टरांची चूक आहे का? दिवाळीनंतर डावा गुडघा बदलण्याची तारीख घेतलेली आहे, ती ठेवावी का?
– एक सूनबाई, देवगड तालुका

उत्तर:

ताई, आपले पत्र हाती आले त्याच दिवशी मी आपल्याला फोन केला, कारण सदर छापून येईपर्यंत थांबण्याजोगा हा विषय नव्हता. तेव्हा घाईत जे बोललो ते आपल्या संमतीने येथे सविस्तर लिहितो आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यावाड्यांत आता गुडघे बदललेली माणसे आहेत. त्यांचे ऑपरेशन कोल्हापूर, मुंबई, बेळगाव किंवा गोव्यात होते आणि पुढची देखभाल घरातल्या सुनेवर नाहीतर लेकीवर येऊन पडते. सर्जन शंभर-दीडशे किंवा त्याहूनही अधिक किलोमीटरवर आणि जखम मात्र आपल्या डोळ्यांसमोर, अशा वेळी काय पाहावे, काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे त्या प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

सर्वांत आधी गणपतीविषयी. थांबू नका. चाकरमानी येण्याची, मखराची, नैवेद्याची घाई मी जाणतो, आणि घरातली वडीलधारी बाई चतुर्थीला घरी नसणे ही कोकणातल्या कुटुंबाला किती जड जाणारी गोष्ट आहे, तेही जाणतो. परंतु बसवलेला सांधा वाचवायचा असेल तर त्यासाठी मिळणारा काळ मोजका असतो आणि आपण त्याच्या शेवटाकडे आहात. गणपती होईपर्यंतचे बारा दिवस वाया गेले तर नंतरचा उपचार कितीतरी पटींनी मोठा होऊ शकतो. मिस्टरांना आजच कळवावे, त्यांना थेट कोल्हापुरात यायला सांगावे आणि आपण सासूबाईंना घेऊन निघावे.

हे इन्फेक्शन आहे का, याचे ठाम उत्तर पत्रावरून कोणीही देऊ शकणार नाही, पण लक्षणे त्याच दिशेला बोट दाखवतात. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस पट्टीवर थोडे रक्ताळलेले पाणी उतरणे स्वाभाविक असते. तीन दिवसांनंतरही ओल राहिली तर सर्जन त्या जखमेवर बारीक लक्ष ठेवतात आणि पाच-सात दिवसांनीही ती सुकली नाही, तर जखम उघडून आत धुवावी का याचा विचार करतात. आपण चौथ्या आठवड्यात आहात. वरून लहानशी दिसणारी ही जागा आतल्या सांध्यापर्यंत पोहोचलेली असू शकते, आणि असे असेल तर वरची पट्टी कितीही वेळा बदलली तरी आतले काही बरे होणार नाही. त्यात रात्रीचा ठणका आणि आधी वाकणारा गुडघा पुन्हा आखडणे या दोन गोष्टी मला त्या पाण्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण चौथ्या आठवड्यात दुखणे उतरणीला लागलेले असायला हवे आणि वाकणे दर आठवड्याला थोडे थोडे वाढायला हवे.

ताप नाही यावर विसंबू नये. उतारवयात आणि मधुमेहात सांध्यात पू झालेला असूनही अंग गरम लागत नाही, असे पुष्कळदा घडते. खाण्यात आणि औषधांत काही बदल नसताना साखर अचानक चढी राहू लागली असेल, तर तीच अशा रुग्णांत तापाच्या जागी आलेली खूण समजावी. सासूबाईंच्या साखरेचे गेल्या पंधरवड्यातले आकडे एका कागदावर लिहून बरोबर न्यावेत.

उलट, काही गोष्टींनी उगाच घाबरण्याचे कारण नसते. बदललेला गुडघा हाताला कित्येक महिने किंचित कोमट लागतो, संध्याकाळी सुजतो, नडगीपर्यंत काळानिळा डाग उतरतो आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिर राहतो. हे सारे बहुतेकांना होते.

पट्टी कशी पाहायची तेही सांगतो, कारण डॉक्टरांना फोनवर "थोडेसे पाणी येते" असे सांगितले तर त्यातून काहीच कळत नाही. सकाळी पट्टी बांधल्यावर जिथे ओल उमटेल त्या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. डाग रेघेबाहेर गेला की पुन्हा नवी रेघ आणि नवी वेळ. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, जखमेचा आणि उतरवलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूचा असे दोन फोटो रोज काढून ठेवावेत. पाणी पारदर्शक पिवळे आहे, गढूळ आहे, दाट आहे, की त्याला वास येतो, हे लिहावे. घरातल्या बायका दुखणे पातळाखाली झाकून "काही नाही, बरं आहे" म्हणतात, त्यामुळे सासूबाईंच्या सांगण्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आता हे इतके घाईचे का, ते पाहू. साध्या जखमेतले जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि औषधे मिळून संपवतात. गुडघ्यात मात्र धातू आणि प्लास्टिक बसवलेले असते, त्यांच्यात रक्त फिरत नाही, म्हणून तिथे शरीराचे संरक्षण पोहोचत नाही. जंतू त्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवर धरलेले शेवाळ कितीही पाणी ओतले तरी जात नाही, ते खरवडूनच काढावे लागते, तसाच हा थर असतो. त्यातले जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात आणि नेहमीच्या मात्रेतले अँटिबायोटिक त्यांना मारू शकत नाही. आपल्या गोळ्या चालू असताना पाणी थांबले आणि संपताच पुन्हा सुरू झाले, त्याचे कारण बहुधा हेच असावे: बाहेर मोकळे फिरणारे जंतू मेले, चिकटलेले तसेच राहिले. हा थर दिवसागणिक पक्का होत जातो. म्हणून ऑपरेशननंतरचे साधारण पहिले चार ते सहा आठवडे, आणि त्यातही लक्षणे सुरू होऊन तीन आठवडे उलटण्याच्या आत, धातूचे भाग जागेवर ठेवून आतून खरवडून-धुऊन सांधा वाचवण्याची संधी असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते.

गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, तरी ते मी वेगळे आणि आग्रहाने लिहितो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान मी याच ठिकाणी होताना पाहतो. सांध्यातल्या पाण्याची तपासणी होण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये. गावातल्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूनेच गोळ्या दिल्या, याबद्दल मला शंका नाही. पण अशा गोळ्यांनी सांध्याला चिकटलेले जंतू मरत नाहीत, ते फक्त तपासणीत सापडेनासे होतात. मग कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर "जंतू वाढले नाहीत" असे लिहून येते, कोणता जंतू आहे हे कळत नाही आणि पुढचे कित्येक महिने अंदाजाने औषधे द्यावी लागतात. जुनाट इन्फेक्शनचा संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर शक्यतो दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवून मगच सांध्यातले पाणी काढतात. आपल्याकडे तेवढा वेळ नाही, त्यामुळे सर्जन लगेचच पाणी काढतील. म्हणून आधी दिलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, पहिली गोळी कोणत्या तारखेला घेतली आणि शेवटची कधी, हे बरोबर न्यावे. प्रयोगशाळेला ते कळवले म्हणजे रिपोर्ट वाचताना त्याचा विचार होतो.

याला एक अपवाद आहे आणि तो जिवाशी निगडित आहे. हुडहुडी भरून ताप आला, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली किंवा रक्तदाब उतरला, तर इन्फेक्शन रक्तात पसरल्याची ती चिन्हे आहेत. त्या क्षणी १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्यावे. तिथे रक्ताचे कल्चर घेऊन लगेच शिरेतून औषध सुरू केले जाते, कारण आधी माणूस आणि मग गुडघा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखून धाप लागली, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती शक्यता असते, तिथेही असाच विनाविलंब निर्णय घ्यावा.

कोल्हापुरात पोहोचल्यावर रक्तात सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज किंवा इन्फेक्शन दाखवणाऱ्या दोन गोष्टी, तपासतील. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी प्रत्येकाचेच चढते आणि मग काही आठवड्यांत उतरते, म्हणून एकाच आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची ठरते. उतरत आलेले सीआरपी पुन्हा चढू लागले असेल, तर ती वाईट खूण आहे. आधीचे रिपोर्ट फाइलमध्ये असतील ते सोबत न्यावेत. त्यानंतर शस्त्रक्रियागृहात किंवा तितक्याच स्वच्छ खोलीत, कातडी निर्जंतुक करून, सुईने सांध्यातले पाणी काढतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ही संख्या दर मायक्रोलिटरला सुमारे १०,००० च्या वर आणि त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ९० टक्क्यांच्या वर असतील, तर इन्फेक्शनचा संशय बळावतो. जुन्या, स्थिरावलेल्या सांध्यात मात्र ३,००० पेशीसुद्धा संशयाला पुरतात. उरलेले पाणी कल्चरसाठी जाते आणि ते चौदा दिवसांपर्यंत ठेवावे लागते, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. हे पाणी काढण्याचे काम गावातल्या दवाखान्याच्या बाकावर कोणी करू म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणावे. निर्जंतुक सांध्यात बाहेरचा जंतू सुईबरोबर आत जाण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे जखमेवरून कापूस फिरवून केलेले कल्चर फारसे उपयोगाचे नसते, त्यात बहुतेक वेळा कातडीवरचेच जंतू सापडतात आणि दिशाभूल होते.

सांधा काढावा लागेल का, हा आपला सर्वांत भीतीचा प्रश्न. आपल्या टप्प्यावर इन्फेक्शन सिद्ध झाले आणि सांधा हाडात घट्ट बसलेला असला, तर बहुतेक सर्जन आधी तो वाचवण्याचाच विचार करतात. जुनीच जखम उघडतात, साचलेले रक्त आणि सांध्याचे सुजलेले अस्तर खरवडून काढतात, दोन धातूंच्या मधली प्लास्टिकची चकती काढून टाकतात, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोहोचतो, मग कित्येक लिटर सलाइनने आतला भाग धुतात आणि नवी चकती बसवतात. त्याच वेळी वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा नमुने कल्चरला पाठवतात. धातूचे भाग जागेवर राहतात, त्यामुळे पुन्हा चालायला लागणे तुलनेने लवकर होते. हा उपाय प्रत्येक वेळी यशस्वी होतो असे मी म्हणणार नाही. जंतू कोणता आहे, साखर कशी आहे, कातडी आणि स्नायू किती निरोगी आहेत आणि आपण किती लवकर पोहोचलो, यावर ते अवलंबून असते, आणि या चारांपैकी शेवटची गोष्ट आज पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ही वेळ टळली, किंवा धुऊनही इन्फेक्शन परतले, तर सांधा काढावा लागतो. काही निवडक रुग्णांत जुना काढून नवा एकाच बैठकीत बसवतात. आपल्याकडे बहुधा दोन टप्प्यांत करतात: पहिल्या ऑपरेशनमध्ये धातू, प्लास्टिक आणि सिमेंट सर्व काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, ठेवतात, साधारण सहा आठवडे औषधे देतात, जखम शांत आणि तपासण्या समाधानकारक झाल्या की काही काळाने नवा रिव्हिजन सांधा, म्हणजे दुसऱ्यांदा बदलताना वापरायचा सांधा, बसवतात. मधले महिने वॉकर आणि पट्टा यांच्या आधाराने काढावे लागतात. बहुसंख्य रुग्ण यातूनही बरे होऊन चालू लागतात, तेव्हा "सांधा काढला म्हणजे पाय गेला" असा समज घरात कोणी पसरवत असेल तर तो खोडून काढावा. पण हा मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे, आणि तो टाळता येण्याची शक्यता असताना बारा दिवस थांबणे मला मान्य नाही.

औषधांविषयी आपल्याला आणखी एक काळजी असेल, ती म्हणजे आठवडेच्या आठवडे शहरात राहून सलाइन घ्यावे लागेल का. सुरुवातीचे काही दिवस शिरेतूनच औषध लागते. मात्र ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनमध्ये पहिल्या सहा आठवड्यांतला बराचसा काळ योग्य निवडलेल्या गोळ्यांवर काढला, तरी निकाल इंजेक्शनपेक्षा वाईट येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसासाठी ही फार मोलाची माहिती आहे. कल्चरमध्ये जंतू नेमका कळला आणि त्यावर चालणारी गोळी उपलब्ध असली, तर घरी राहून उपचार पुरे करता येतात, आणि म्हणूनच तपासणीपूर्वी गोळ्या खाऊन कल्चर बिघडवू नये असा माझा आग्रह आहे. गोळ्यांची मुदत मात्र लांब असते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या उपचारापेक्षा बारा आठवड्यांच्या उपचारात इन्फेक्शन मागे उरण्याचे प्रमाण कमी आढळले. गुडघा वाचवला असेल तर काही सर्जन सहा महिन्यांपर्यंतही औषध चालू ठेवतात. जखम सुकली आणि ठणका गेला म्हणून मधेच गोळ्या सोडू नयेत.

जंतू स्टॅफिलोकोकस जातीचा निघाला, आणि तो बऱ्याचदा तोच निघतो, तर गोळ्यांत रिफॅम्पिसिन असण्याची शक्यता आहे. बायोफिल्ममध्ये शिरू शकणारे हे थोड्या औषधांपैकी एक आहे. मेडिकलवाल्याने ते क्षयाचे औषध असल्याचे सांगितले तर घरात घबराट होऊ देऊ नये, आपल्याकडे ते क्षयासाठी सर्वांत जास्त वापरले जाते एवढेच. लघवी, घाम आणि डोळ्यांतले पाणी तांबूस-केशरी होते, त्याने अपाय होत नाही. परंतु हे औषध एकटे कधीही घेऊ नये, जंतू त्याला फार लवकर दाद देईनासे होतात, आणि ते बहुधा जखम कोरडी झाल्यावरच सुरू करतात. त्याच्यामुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा परिणाम कमी होतो, म्हणून सासूबाईंच्या सर्व चालू गोळ्यांची यादी सर्जनला दाखवावी आणि त्या काळात साखर अधिक वेळा तपासावी. यकृत, मूत्रपिंड आणि सीआरपी यांच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर सर्जनला पाठवता येतील, दर वेळी घाट चढण्याची गरज नाही. आणि दुखते म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. मधुमेही मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, काही अँटिबायोटिकनी तो आणखी वाढतो.

निघेपर्यंत घरात काय करावे, ते थोडक्यात. जखमेला स्पर्श करण्याआधी साबणाने हात धुवावेत, दुकानातून आणलेले निर्जंतुक गॉज ठेवून पट्टी बांधावी आणि भिजली की बदलावी. जखम भिजत असताना गुडघा जोराने वाकवण्याचे व्यायाम थांबवावेत, घोटा वर-खाली करत राहावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळेही जखम पाझरते, पण ती सर्जनला विचारल्याशिवाय बंद करू नये. उंडीचे तेल, हळद, कोरफड, बिब्बा, यांपैकी काहीही या जखमेवर लावायचे नाही. काकींचा जिव्हाळा मी ओळखतो आणि उंडीचे तेल दुखऱ्या सांध्याला चोळणारी पिढी मी पाहिली आहे, परंतु ते धड कातडीवर चोळण्याचे तेल आहे आणि आपल्याकडे कातडीला भोक आहे ज्याची वाट सांध्यात जाते. बिब्ब्याने तर कातडी फोडासारखी उठते, मग सर्जनला त्या जागेतून ऑपरेशन करणेही अवघड होते. आणखी एक विनंती: आजारी माणसाला बघायला येणाऱ्या प्रत्येकाला पट्टी सोडून जखम दाखवण्याची पद्धत बंद करावी.

सासूबाई मिश्री लावत असतील तर ती आजपासून थांबवावी, हे मी कठोरपणे सांगतो. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही आणि हिरड्या बिघडतात. हिरडीतला जंतू रक्तातून बदललेल्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो, ऑपरेशनला पाच वर्षे झाली असली तरीसुद्धा. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांचेही तेच. लावणीच्या दिवसांत त्या कोकणात घरोघरी होतात आणि कोणी त्यांना आजार समजत नाही, पण भेगाळलेली ती कातडी जंतूंना उघडे दार असते. दोन्ही पायांची बोटे फाकवून पाहावीत, कोरडी ठेवावीत, चिखल्या असतील तर त्यावरचे मलम डॉक्टरांकडून घ्यावे. लघवीची जळजळ अंगावर काढू नये.

प्रवासाला सकाळी लवकर निघावे आणि निघण्यापूर्वी करूळ घाट चालू आहे का याची चौकशी करावी, नसेल तर फोंडा घाटाने जावे. मागच्या सीटवर पाय लांब करून बसवावे आणि वाटेत थांबून घोट्याची हालचाल करून घ्यावी. ऑपरेशन लागण्याची शक्यता असल्याने निघण्याआधी सर्जनशी फोनवर बोलून किती तास उपाशी ठेवायचे ते विचारावे, आणि त्या काळात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही हेही. खर्चाबाबत: गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, तीत रिव्हिजनचे सांधेही येतात, म्हणून बिलावर सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावी. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून या उपचाराला काय मिळते ते भरती होतानाच विचारावे.

डॉक्टरांची चूक आहे का, असे आपण विचारले आहे. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये शंभरात साधारण एक ते दोन रुग्णांना इन्फेक्शन होते, चांगल्यातल्या चांगल्या रुग्णालयातही. इंग्लंडमधले सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियागृहातली हवा गाळून घेण्याची पद्धत आणली, त्याने हे प्रमाण पुष्कळ खाली आले, पण शून्यावर ते जगात कोठेही आलेले नाही. जंतू रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरून किंवा नाकातूनही आलेला असू शकतो, आणि अनियंत्रित साखरेने त्याला बळ मिळते. माझे स्पष्ट मत असे आहे की आज त्याच सर्जनकडे जावे. कोणता सांधा, कोणत्या मापाचा बसवला आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि नव्या मापाची चकती तेच सर्वांत लवकर मागवू शकतात. सासूबाई आणि आपण त्यांना राग येईल म्हणून संकोच करत असाल, तर तो सोडावा. इन्फेक्शन लपवले जाण्यापेक्षा रुग्ण दारात लवकर आला, तर कोणत्याही जबाबदार सर्जनला बरेच वाटते. त्यांनी मात्र पाणी न काढता केवळ आणखी गोळ्या लिहून परत पाठवले, तर सांध्यातल्या पाण्याची तपासणी का करत नाही हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर पटले नाही तर रिव्हिजनची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या सर्जनचे मत त्याच दिवशी घ्यावे. त्यासाठी ऑपरेशनच्या नोंदी आणि सांध्याचे स्टिकर लावलेला कागद मागून घ्यावा. तो आयुष्यभर जपून ठेवण्याचा कागद आहे.

डाव्या गुडघ्याची दिवाळीनंतरची तारीख आजच रद्द करावी. शरीरात एके ठिकाणी जंतू असताना दुसरीकडे नवा सांधा बसवणे म्हणजे त्यालाही धोक्यात घालणे होय. उजव्या गुडघ्याचा उपचार पूर्ण होऊन गोळ्या थांबल्यावर काही महिने जखम कोरडी आणि सीआरपी सामान्य राहिली, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी साडेसात ते आठच्या खाली आले आणि दात, पाय, लघवी यांत काही इन्फेक्शन नसले, की मग सर्जनने नवी तारीख द्यावी. तोपर्यंत डाव्या गुडघ्यासाठी वॉकर, उंच खुर्ची, उंच कमोड आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल एवढ्यावर भागवावे. त्या गुडघ्यात कोणी स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ म्हणाले तर उजव्या गुडघ्याच्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याने साखर चढते, आणि अशा इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत तोच गुडघा बदलला तर तिथे इन्फेक्शन होण्याचा धोका वाढतो.